सगळे पत्ते त्याच्याच हातात

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. घरात मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने ‘अनलॉक’ नावाचा एस्केप रूमच्या पत्त्यांचा खेळ आणला. एका पेटीत तीन गोष्टी. फोनवर ॲप लावायचं आणि सगळ्यांनी मिळून कोडी सोडवत तासाभरात सुटका करून घ्यायची. रविवारी दुपारी जेवणं आटोपून बसलो. पाच मिनिटांत सगळे पत्ते नवऱ्यासमोर, फोनही त्याच्याच हातात. आम्ही एक पत्ता वाचेपर्यंत याचं उत्तर तयार. अर्ध्या तासाने लेक ‘मला होमवर्क आहे’ म्हणून उठली. सासूबाई ‘मला मेलीला काय कळतंय इंग्रजीतलं’ म्हणत वाती वळायला बसल्या. शेवटी हा टाळ्या वाजवून म्हणतो, ‘४४ मिनिटांत सोडवलं आपण!’ आपण म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. आता लेक म्हणते, बाबा असतील तर मी नाही. सासूबाईंचा हिशेब वेगळाच : एवढ्या पैशांची वस्तू आणि एकदा खेळली की संपली? पत्त्यांचा साधा जोड वीस वर्षं पुरतो. चिंचवडचे दीर पेटी मागताहेत. देऊन टाकू का? की नवऱ्याशी बोलू? बोलायचं तर कसं? तो वाईट माणूस नाही हो.
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर :

ताई, पेटी चिंचवडला जाऊ द्या, पण एवढ्यात नको. दोन गोष्टी शिल्लक आहेत, त्या आधी घरात खेळून घ्या. नवऱ्याशी बोलावं लागेलच, पण त्याच्याही आधी टेबलाची मांडणी बदलावी लागेल. त्या रविवारी जे झालं त्याचं अर्धं कारण स्वभाव आणि अर्धं कारण पत्ते कुणापुढे होते हे. स्वभावाला वेळ लागतो, तो तुम्ही इतकी वर्षं सांभाळलाच आहे. पत्त्यांचं मात्र येत्या रविवारी निस्तरता येईल.

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत बाहेर पडायचं, हा खेळ २००७ मध्ये जपानच्या क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी सुरू केला. पुढे तो जगभर गेला, पुण्यातही अशा खोल्या निघाल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की खोली हवीच कशाला, पत्त्यांवर चित्रं काढली तरी भागेल. २०१६ मध्ये जर्मनीतून इंका आणि मार्कुस ब्रँड या नवरा-बायकोने रचलेली ‘एक्झिट’ मालिका आली. २०१७ मध्ये फ्रान्सहून ‘अनलॉक’ आणि इटलीहून ‘डेकस्केप’ आले. तिघांची घडण वेगळी, पण मूळ गंमत एकच : सगळे एका बाजूला, समोर फक्त कोडं आणि घड्याळ.

आणि ‘सगळे एका बाजूला’ हीच तुमच्या दुखण्याची मुळी आहे.

आपल्याकडच्या मेंढीकोटात असा प्रसंग का येत नाही, ते बघा. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. भिडू कितीही तरबेज असो, तुमच्या हातातली दश्शी त्याला दिसत नाही. हुकूम कुणाकडे किती उरले ते त्याने अंदाजानेच ओळखायचं. तुम्ही चुकीचं पान टाकलंत तर डाव संपल्यावर तो कपाळाला हात लावेल, चार शब्द ऐकवेल, पण तुमचं पान तुमच्याऐवजी तो टाकू शकत नाही. पाच-तीन-दोन घ्या, झब्बू घ्या, बदाम सात घ्या, हात झाकलेला आहे म्हणून प्रत्येकाची पाळी त्याची त्याच्याकडे राहते. घरातल्या सगळ्यात बुजऱ्या माणसालाही आपलं पान स्वतः टाकावं लागतं.

एस्केप रूमच्या खेळात झाकलेलं काहीच नसतं. सगळी पानं उघडी, सगळ्यांना सगळं दिसतं, पाळी नावाची भानगड नाही. अशा टेबलावर ज्याचा मेंदू सगळ्यात भरभर चालतो किंवा ज्याचा हात सगळ्यात लांब पोचतो तो एकटा खेळतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. हे फक्त तुमच्या घरात होतं असं समजू नका. बोर्ड गेम खेळणाऱ्या मंडळींत अशा माणसाला ‘अल्फा प्लेयर’ म्हणतात आणि ‘पँडेमिक’सारख्या गाजलेल्या खेळाबद्दलही हीच तक्रार ऐकू येते. खेळ रचणाऱ्यांना ती माहीत आहे. ‘हनाबी’ नावाच्या खेळात तर प्रत्येकाने आपले पत्ते उलटे धरायचे असतात, तोंड इतरांकडे. माझ्या हातात काय आहे ते मी सोडून सगळ्यांना दिसतं. मग एकट्याने खेळून दाखवा बघू! २०१३ मध्ये जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला.

तुमच्या ‘अनलॉक’मध्ये ही सोय नाही, पण ती तुम्ही करून घेऊ शकता, आणि त्यासाठी एकही नियम मोडावा लागत नाही.

पत्त्यांचे रंग आठवा. करडे पत्ते म्हणजे जागा : खोली, तळघर, बोळ. लाल आणि निळे म्हणजे वस्तू. पिवळे कोडचे, हिरवे यंत्रांचे. मुख्य युक्ती लाल-निळ्याची. समजा ११ नंबरचा लाल पत्ता किल्ली आहे आणि ३५ नंबरचा निळा पत्ता कुलूपबंद पेटी. ११ आणि ३५ ची बेरीज ४६, म्हणून गठ्ठ्यातला ४६ नंबरचा पत्ता शोधायचा. तो निघाला आणि त्यावर उघडलेली पेटी असली की जमलं. जोडी चुकली तर दंडाचा पत्ता निघतो आणि तुमची मिनिटं जातात.

येत्या रविवारी लाल पत्ते सगळे मुलीकडे. निळे सगळे सासूबाईंकडे. ज्याचा पत्ता त्याच्या पुढ्यात, दुसऱ्याने बोट लावायचं नाही, पाहायचा असेल तर मागायचा. आता कुठलीही बेरीज करायची तर दोघींचा होकार हवा. आजी-नातीला एकमेकींशी बोलल्याशिवाय खेळ पुढेच सरकत नाही. फोन तुमच्या हातात, म्हणजे पिवळे पत्तेही तुमचेच, कारण कोड फोनवर टाकायचा असतो. हिरवी यंत्रं नवऱ्याला द्या. त्याला ती आवडतीलच, आणि ती रोज उठून येत नसल्यामुळे मधल्या वेळात त्याला गप्प बसायची सवय लागेल. शिवाय कागद-पेन्सिलही त्याच्याकडेच. कुणी काही म्हटलं की ते लिहून घ्यायचं, कितीही बावळट वाटलं तरी. लिहिणाऱ्या माणसाला ऐकावं लागतं, एवढाच त्यातला डाव आहे. करडे पत्ते मधोमध, सगळ्यांचे.

आणखी एक नियम, तो मात्र कडक पाळा. नवा करडा पत्ता उघडला की पहिली दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. नुसतं बघायचं. आपल्याला काय दिसलं ते मनात ठेवायचं, मग सगळ्यात लहान माणसाने पहिल्यांदा सांगायचं, मग सासूबाईंनी, मग तुम्ही, शेवटी त्याने. या दोन मिनिटांत त्याला उत्तर सापडेल, तो खुर्चीत चुळबुळ करेल, करू द्या. ‘दोन मिनिटं वाया जातात’ असं तो म्हणाला तर त्याला सांगा की वेळ संपली तरी खेळ बंद पडत नाही. घड्याळ शून्याखाली जातं, गुण कमी होतात, एवढंच. त्या गुणांचं प्रमाणपत्र कुठल्या कॉलेजच्या ॲडमिशनला लागत नाही. डोळ्यांपुढे उलटे पळणारे आकडे माणसाला उगाच घाईला लावतात, म्हणून फोन पालथा ठेवा. एकदा तासाचे दीड तास होऊ द्या, मग कोण कुठे हुशार आहे ते नीट दिसेल.

आता सासूबाई. ‘मला काय कळतंय इंग्रजीतलं’ या वाक्यावर जाऊ नका. ज्या बाईला तीस वर्षं मेंढीकोटात कुणाकडे किती हुकूम उरलेत ते तोंडपाठ असतं, तिला कोडं कळत नाही असं होत नाही. अशा खेळांतलं निम्मं काम वाचण्याचं नसून बघण्याचं असतं. चित्रांत बारीक आकडे दडवलेले असतात : भिंतीच्या भेगेत, पडद्याच्या चुणीत, कपाटाच्या सावलीत. ओळखीच्या एका घरात मी हे पाहिलंय. इंजिनिअर मंडळी पत्त्यावरचा मजकूर घासून घासून वाचत होती. आजी भरतकाम करणाऱ्या. त्यांनी पत्ता हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, ‘अरे, या गालिच्याची नक्षी इथे चुकलीये.’ सगळी वेल एका चालीने आलेली, एका कोपऱ्यात मात्र एक वेटोळं जास्त. त्या वेटोळ्यात आठाचा आकडा होता. बाकीच्यांनी तो पत्ता तीनदा हाताळला होता. पुढचा अर्धा तास नवा पत्ता निघाला की आधी आजींकडे जायचा, आणि आजी ‘थांबा, उजेडात बघू द्या’ म्हणून सगळ्यांना ताटकळत ठेवायच्या.

तेव्हा उजेडाची सोय करा. ट्यूबलाइटखाली चकचकीत पत्त्यावर उजेड पडून काही दिसत नाही, खिडकीशी बसा किंवा टेबल लॅम्प घ्या. भिंग जवळ ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल आणि बारीक दिसत नसेल तर पत्त्याचा फोटो काढून मोठा करून दाखवा. यात फसवणूक काही नाही. दृष्टीची परीक्षा घेणं हा खेळाचा हेतू नाही, तो छपाईचा दोष आहे असं माझं ठाम मत आहे.

मजकुराचं काम मुलीकडे द्या. तिने पत्ता मोठ्याने मराठीत सांगायचा. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. कोडं कधी कधी इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये किंवा त्याच्या पहिल्या अक्षरात लपवलेलं असतं. भाषांतर केलं की ते गळून जातं. म्हणून अर्थ मराठीत सांगायचा, पण रंगांची नावं, आकडे, मोठ्या अक्षरांत किंवा तिरक्या ठशात छापलेले शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवायचे. आणि वाचून झालं की पत्ता सगळ्यांपुढे फिरवायचा. नुसतं ऐकून कोडं सुटत नाही. आठवीतल्या मुलीला आजीला इंग्रजी समजावून सांगणं वाटतं तेवढं सोपं नाही. ती अडखळेल. नवरा मध्ये पडून ‘अगं, त्याचा अर्थ असा’ म्हणेल. त्याला टेबलाखालून पाय मारायची मी तुम्हाला परवानगी देते.

मदत मागण्याबद्दल. आपल्याकडे हिंट घेणं म्हणजे कॉपी करणं, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं आहे. हे खेळ रचणाऱ्यांनी हिंट खेळाचाच भाग धरलेली आहे. तुमच्या ॲपमध्ये अडलेल्या पत्त्याचा नंबर टाकला की मदत मिळते. ‘एक्झिट’मध्ये प्रत्येक कोड्याला तीन पत्ते असतात : पहिला सुरुवातीला काय काय हाताशी हवं ते सांगतो, दुसरा वाट दाखवतो, तिसऱ्यावर सरळ उत्तर. तुमच्या घरासाठी नियम असा करा की पाच मिनिटं कुणालाच काही सुचलं नाही तर हिंट घ्यायची, आणि ती घ्यायची की नाही ते नवरा सोडून कुणीही ठरवायचं. हिंट नाकारण्यात काही माणसांना फार पुरुषार्थ वाटतो. तेवढ्या वेळात बाकीच्यांची चहाची वेळ होते आणि टेबल रिकामं होतं.

आता बोलण्याचं. खेळ चालू असताना बोलू नका, आईसमोर आणि मुलीसमोर तर मुळीच नको. शुक्रवारी-शनिवारी रात्री दोघंच असताना काढा विषय. ‘तू नेहमी असंच करतोस’ अशी सुरुवात झाली की विषय खेळावरून तुमच्या लग्नातल्या मानपानापर्यंत जाईल. घडलं तेवढंच सांगा : ‘अरे, त्या दिवशी अर्ध्या तासाने ती उठून गेली, तुझ्या लक्षात आलं का? तिला होमवर्क नव्हता.’ बहुतेक त्याच्या लक्षात आलेलंच नसेल. दिवसभर ऑफिसात जो माणूस सगळ्यात आधी उत्तर देतो त्याला शाबासकी मिळते, संध्याकाळी घरी तेच केलं की सगळे का रुसतात, हे त्याला खरोखरच कळत नाही. वाईट माणूस नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याला काम द्या. त्याला म्हणा, ‘उत्तर सापडलं तर सांगू नकोस, एक प्रश्न विचार.’ म्हणजे ‘तो चार तिथे आहे’ असं म्हणायचं नाही, ‘या भिंतीवर सगळ्यांनी पाहिलं का?’ एवढंच. उत्तर गिळून प्रश्न विचारणं त्याला जड जाईल. हुशार माणसाला जड जाईल असं कोडं हवंच होतं ना, हे घ्या!

एवढं करूनही त्याची हौस भागली नाही तर त्याला एक ‘एक्झिट’ आणून द्या आणि शनिवारी रात्री एकटं बसवा. हे खेळ एकट्यालाही खेळता येतात, पेटीवर तसं लिहिलेलं असतं. मी हे टोमण्याने म्हणत नाही. काहींना कोडं एकट्यानेच सोडवायला आवडतं, आणि ती भूक वेगळी भागली की रविवारच्या टेबलावर तो शांत बसतो.

लेकीची समजूत काढायला जाऊ नका. ‘चल ना, सगळे मिळून खेळू, किती दिवसांत एकत्र बसलो नाही’ हे ऐकलं की तेरा वर्षांची मुलगी दार लावून घेते. तिला फक्त नवा नियम सांगा : लाल पत्ते तुझे, बाबा हात लावणार नाहीत, लावला तर एक मिनिट खेळाबाहेर आणि ते मिनिट तू मोजायचं. बाबांना शिक्षा करायची संधी सोडून जाणारी मुलगी मी अजून पाहिलेली नाही. तरीही नाही म्हणाली तर तिघांनी खेळा. चौघांपेक्षा तिघांत पत्ते जास्त नीट दिसतात, आणि बाहेर हसण्याचे आवाज गेले की ती पाणी प्यायच्या निमित्ताने येईल.

पैशांचं काय? सासूबाईंचा मुद्दा रास्त आहे, मी त्याला पुणेरी म्हणून हसणार नाही. उत्तर एकदा कळलं की त्या माणसासाठी खेळ संपला, हे खरंच. पण ‘माणसासाठी’ संपला, पेटी संपली नाही. ‘अनलॉक’ आणि ‘डेकस्केप’मध्ये काही कापायचं-फाडायचं नसतं, पत्ते पुन्हा क्रमाने लावले की दुसऱ्या घरी तशीच नवी पेटी. ‘एक्झिट’चं तसं नाही. त्यात कागद दुमडायचा, कापायचा, त्यावर लिहायचं, हाच खेळ असतो, म्हणून ती पेटी खरोखर एकदाच. कापायच्या पानांची आधी झेरॉक्स काढून कापाकापी तिच्यावर केली तर तीही बरीचशी वाचते, फक्त कुठला कागद नुसता दुमडायचा आहे आणि कुठला प्रकाशात धरायचा आहे ते आधी कळत नाही, तेवढी हुरहुर राहते. सोसायटीतली चार घरं मिळून प्रत्येकी एक वेगळी पेटी घ्या आणि महिन्याला फिरवा. घरोघरी मासिकं फिरवणाऱ्या वाचनालयांवर वाढलेल्या या शहराला ही पद्धत शिकवायला नको. ‘डेकस्केप’ला फोनही लागत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि बॅटरी लाल झाली तरी ६० पत्ते आणि एक घड्याळ, बास.

आणि सासूबाईंना सांगा की फुकटातही होतं. घरीच रचा, आणि रचायचं काम आजी-नातीला द्या. सुटायची पाळी बाबांची.

एक नमुना देते. चिठ्ठी क्रमांक एक, फ्रिजवर चिकटवलेली : ‘चांदळाच्यात चब्यातड.’ ‘च’ची भाषा आठवतेय ना? पहिल्या अक्षराच्या जागी ‘च’ आणि ते अक्षर शेवटी. तांदळाच्या डब्यात. सासूबाई आणि तुम्ही ही भाषा लहानपणी फडाफडा बोललेल्या असाल, नातीला एका दुपारी शिकवता येईल. तांदळाच्या डब्यात हात घातला की प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान. पानावर काही खूण नाही. मागे एकच ओळ : ‘या महिन्यात आजी किती वाजेपर्यंत उपाशी होती?’ बाबा घड्याळ बघेल, स्वयंपाकघर बघेल. उत्तर पानातच आहे. संकष्टी शोधायची, त्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती ९:४२ असली तर कुलपाचा नंबर ९४२. तीन आकड्यांचं छोटं कुलूप बोहरी आळीत मिळेल, ते एखाद्या जुन्या डब्याच्या कडीला लावायचं आणि आत बाकरवडी.

कुलपाचा एक धोका आधीच सांगून ठेवते. तीन चकत्यांच्या कुलपात ००० ते ९९९ असे एक हजारच नंबर असतात. सेकंदाला एक फिरवला तरी पंधरा-सतरा मिनिटांत सगळे होऊन जातात. तुमचा नवरा हे गणित नक्की करणार आणि कोडं सोडून चकत्या फिरवत बसणार. म्हणून चुकीचा नंबर लावून ओढलं की दर खेपेला एक बाकरवडी कमी, असं आधीच जाहीर करा.

आणखी अवघड हवं असेल तर जाळीची चिठ्ठी करा. पुठ्ठ्याला खिडक्या पाडायच्या, तो पुठ्ठा एखाद्या छापील मजकुरावर ठेवला की खिडक्यांतून दिसणारी अक्षरं जोडून निरोप तयार होतो. इटलीतल्या कार्दानो नावाच्या गणितज्ञाने १५५० मध्ये ही युक्ती लिहून ठेवली, आणि लग्नपत्रिकेवर ती फार छान जमते. त्या तर घरात ढिगाने पडलेल्या असतात. कोडी रचणाऱ्याला उत्तर माहीत असल्यामुळे खेळताना तोंड बंद ठेवावं लागतं. त्या दिवशी ही पाळी मुलीवर येईल, आणि बाबांना चुकीच्या दिशेने जाताना बघून तिला जो आनंद होईल तो विकतच्या कुठल्याही पेटीत मिळणार नाही.

एवढं सगळं करून हौस वाढलीच, तर पुढची खरेदी ‘द क्रू’ची करा असं मी सुचवेन. तोही सगळ्यांनी मिळून खेळायचा, पण त्यात हात करायचे असतात, हुकूम असतो, पत्ते झाकलेले असतात आणि आपल्याकडे काय आहे ते बोलून सांगायला जवळजवळ बंदी असते. मेंढीकोट येणाऱ्या बाईला तो दहा मिनिटांत येईल आणि तो कितीही वेळा खेळता येतो, म्हणजे वीस वर्षांचा हिशेबही जुळला. २०२० मध्ये जर्मनीत त्याला जाणत्या खेळाडूंसाठीचा पुरस्कार मिळाला, हे सासूबाईंना सांगायची गरज नाही. कोट करायचा नाही, एवढं मात्र आधी सांगा, नाहीतर सगळे हात त्याच घेऊन बसतील.

राहिले दीर. उरलेल्या दोन्ही गोष्टी झाल्या की पेटी खुशाल द्या. देण्याआधी प्रत्येक गोष्टीचे पत्ते वेगळे करून नंबराने लावा आणि सगळे भरतात का ते मोजा. एखादा सोफ्याच्या फटीत राहिला तर चिंचवडची मंडळी तासभर डोकं फोडत बसतील आणि फोन तुम्हाला येईल. पत्त्यांवर पेन्सिलीच्या खुणा असतील तर खोडा. आणि पेटीबरोबर नवऱ्यालाही पाठवा. त्याला सगळी उत्तरं माहीत आहेत, त्यामुळे भावाच्या टेबलावर तो खेळणारा नसेल, अडलं तरच इशारा देणारा असेल. हिंटचं काम त्याच्याकडे द्या आणि दिरांना सांगा, विचारल्याशिवाय बोलू देऊ नका.